‘राहू दे’ म्हटलेल्या बाटलीचं बिल

बिलावर तारीख २३ नोव्हेंबर २०२५ आहे, कारण ते छापलं तेव्हा रात्रीचे बारा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. घरातून आम्ही शनिवारी, म्हणजे बावीस तारखेलाच, संध्याकाळी साडेसातला निघालो होतो. रक्कम सात हजार सातशे पंचवीस. हजर माणसं पाच: मी, माझे साडू, साडूंचे जावई, पुण्यातल्या त्या बारचा मॅनेजर आणि आमच्या टेबलाचा वेटर. साडू म्हणत होते की बाटली आपण मागितलीच नाही. मॅनेजर म्हणत होता की मागितली नसेल, तर उघडलेल्या बाटलीचे साडेसात हजार वेटरच्या पगारातून जातील. वेटरचा पगार महिन्याला चौदा हजार. आमच्या तिघांत दारूचा थेंबही न घेतलेला मी एकटा होतो, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

त्या गोष्टीला आता काही महिने झाले, पण माझा राग उतरलेला नाही. तो कोणावर किती आहे हे एकदा नीट मांडावं म्हणून लिहायला बसलो.

मी सोनाळ्याला राहतो आणि संग्रामपूरच्या एका शाळेत लिपिक आहे. शिक्षकांची पगारबिलं, भविष्य निर्वाह निधी, पोषण आहाराचा तांदूळ, हे सगळं माझ्या हाताखालून जातं. एका रुपयाचा फरक आला तर मी घरी जात नाही, ही माझी शाळेतली ख्याती आहे आणि घरातली तक्रार आहे. आमच्या घरी रोज सकाळी बुद्धवंदना होते. पाचवं शील, म्हणजे दारूपासून लांब राहायचं ते, मी लग्नापासून पाळतो. त्याला तेवीस वर्षं झाली. साडू नांदुऱ्याला कापसाची दलाली करतात. वंदना तेही म्हणतात, पण पाचव्या शीलाला त्यांचा आवाज जरा बारीक होतो. हे मी नाही, त्यांची बायको म्हणते.

साडूंच्या मुलीला पुण्यात मुलगा झाला. रविवारी त्याचं बारसं होतं. आम्ही दोन्ही कुटुंबं नांदुऱ्याहून रेल्वेनं शनिवारी सकाळी पुण्यात पोचलो. दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात दहा बायका, पाळणा, फुगे, पेढ्यांचे डबे. संध्याकाळी जावई म्हणाले, मामा, काका, तुम्ही दोघं इथं बसून कंटाळाल, चला, तुम्हाला रात्रीचं पुणं दाखवतो. त्यांचे मामा म्हणजे साडू आणि काका म्हणजे मी. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मी घेत नाही, पण बघायला काय जातं. बघायला काय जातं हे मला पाच तासांत कळलं.

जावई चांगला मुलगा आहे. संगणकाच्या कंपनीत आहे. फ्लॅटचा हप्ता त्याच्या पगाराच्या जवळजवळ निम्मा आहे, हे मी त्याला बाहेर पडताना त्याच्या गाडीतच विचारून घेतलं. म्हणून त्या रात्री त्याने ज्या ज्या वेळी फोन काढून पैसे दिले, त्या त्या वेळी मी आकडा मनात टिपून ठेवला. साडू प्रत्येक वेळी म्हणायचे, “राहू द्या जवाईबापू, म्या देतो.” आणि हात खिशाकडे न्यायचे. हात खिशावर टेकायचा. खिशात जायचा नाही. सासऱ्यानं म्हणायचं असतं म्हणून ते म्हणत, जावयाने ऐकायचं नसतं म्हणून तो ऐकत नसे. मला त्यात तेव्हा काही गैर वाटलं नाही, कारण मीही असंच म्हणत आलोय.

पहिली जागा एका उंच इमारतीच्या गच्चीवर होती. खाली एकाने गाडी ताब्यात घेतली आणि चिठ्ठी दिली. लिफ्टजवळ काळ्या कपड्यातला एक धिप्पाड माणूस उभा होता. त्याने आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून सांगितलं, स्टॅग एन्ट्री बंद आहे. साडूंना वाटलं लिफ्ट बंद आहे. ते म्हणाले, जिन्यानं जातो ना. मग जावयाने हळूच सांगितलं की सोबत बाई नसेल तर पुरुषांना आत सोडत नाहीत.

साडू तिथेच उभे राहिले. “म्हणजे बायकोले घेऊन आलं तरच दारू भेटते? आमच्याकडं तर बायकोले कळलं का भेटत नाई.”

काळ्या कपड्यातला हसला नाही. साडूंनी त्याला प्रेमानेच विचारलं, “काऊन बे, आमी काय चोर दिसून राह्यलो का?” आमच्याकडे ‘बे’ म्हणजे जवळीक आहे. माझा वर्गमित्र तहसील कचेरीत मोठ्या खुर्चीवर बसतो, त्यालाही मी बे म्हणतो. त्या माणसाची मान मात्र ताठ झाली आणि जावयाने आम्हा दोघांना हाताला धरून मागे आणलं. गाडी परत घेताना दीडशे रुपये द्यावे लागले. एका पायरीवरही न चढता दीडशे रुपये. मी गाडी लावणाऱ्या पोराला विचारलं की बाबा, आम्ही आत गेलोच नाही, गाडी दहा मिनिटंसुद्धा उभी नव्हती. तो म्हणाला, रेट तोच आहे काका. मी चिठ्ठीच्या पाठीवर वेळ लिहून ठेवली. काही उपयोग नव्हता, पण लिहून ठेवली.

दुसरी जागा बिअर तिथेच बनवतात अशी. काचेमागे तांब्याची मोठी भांडी चकाकत होती. गव्हाची, आंब्याची, कॉफीची अशी बिअर फळ्यावर लिहिली होती. साडू म्हणाले, कॉफीची बिअर म्हणजे झोपायचं का जागायचं ते एकदा ठरवा. दोन ग्लास साडेनऊशे. माझा लिंबू सोडा एकशे नव्वद. आणि एका वाटीत कांदा, टोमॅटो, कोथिंबीर घातलेले शेंगदाणे, तीनशे वीस. मी त्यातला कांदा बाजूला सारून शेंगदाणे पाहिले. शंभर ग्रॅमच्या वर नव्हते. म्हणजे किलोला बत्तीसशे. आमच्याकडे उन्हाळी भुईमूग लावणारे लोक आहेत. त्यांना शेंगेला काय भाव मिळतो हे मला माहीत आहे आणि तो मी त्या टेबलावर बोलून दाखवला. साडू म्हणाले, “साडूभाऊ, खा ना बावा गुपचूप. एकेक दाणा मोजून राह्यले तुमी.” मी खाल्ले. पण एकेक दाणा तोंडात टाकताना दोन रुपये, दोन रुपये असं मनात होत होतं. कर आणि सेवाशुल्क धरून तिथे एक हजार सातशे सत्तावीस झाले. जावयाने दिले. साडूंचा हात खिशावर टेकला.

तिसरी जागा मात्र माझ्या मनासारखी निघाली, आणि हे मी मुद्दाम लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मला पुण्याचंच वाकडं आहे. जुन्या वस्तीतलं परमिट रूम. ट्यूबलाइटचा उजेड, सनमायकाची टेबलं, भिंतीवर भाव लिहिलेला बोर्ड. जे बोर्डावर तेच बिलात. पाण्याचा जग आपोआप आला, उकडलेले चणे आणि काकडी आपोआप आली, त्याचे पैसे नाहीत. माणसं एकेकटी बसून शांतपणे पीत होती, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. दोघांनी दोन-दोन पेग घेतले, एक ऑम्लेट घेतलं. सहाशे साठ रुपये. त्यात पिण्याच्या एका दिवसाच्या परवान्याचे पाच-पाच रुपये वेगळे दाखवले होते, आणि ते दोघांनाच लावले होते, मला लावले नव्हते. मी ते बिल मागून घेतलं. आजही माझ्याकडे आहे. साडू म्हणाले, आता इथून उठायचं नाही. मीही तेच म्हणालो. पण जावयाला वाटलं की सासऱ्याला पुण्यात आणून ट्यूबलाइटखाली बसवलं तर लोक काय म्हणतील. कोणते लोक, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

चौथी जागा एका मॉलच्या तळघरात. दारात माणशी हजार रुपये. जावयाने समजावलं की हे पैसे वाया जात नाहीत, आतल्या खाण्यापिण्यात वळते होतात. मी म्हणालो, मी तर पीत नाही. दारावरचा म्हणाला, सर, पाणी प्या, सोडा प्या, पण हजार द्यावे लागतील. म्हणजे दारू न पिण्याचे हजार रुपये. तेवीस वर्षांत दारू न पिण्याचे पैसे मला कोणी मागितले नव्हते. जावयाने तीन हजार दिले आणि दारावरच्याने आमच्या मनगटावर कागदी पट्ट्या चिकटवल्या, आमच्याकडे जत्रेत बैलाच्या शिंगाला बांधतात तशा.

आत अंधार, निळे-जांभळे दिवे, आणि ढोल छातीवर वाजतोय असा आवाज. बोलायचं म्हणजे कानात ओरडायचं. पोरं-पोरी नाचत होत्या. त्यांचं मला काही वाईट वाटलं नाही. त्यांचे पैसे, त्यांचे पाय. आम्ही तिघे एका उंच टेबलाशी उंच स्टुलांवर बसलो. साडूंचे पाय जमिनीला लागत नव्हते.

वेटर आला तो आमच्याच वयाचा. पन्नाशीला आलेला, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मेनूकार्ड दाखवताना आधी स्वतः चष्मा लावायचा, मग आपल्याला वाचून दाखवायचा. मूळचा ओडिशाकडचा, सतरा वर्षं पुण्यात. मराठी शिकलेला, आणि बरीच स्वच्छ. मी दोन लिंबू सोडे सांगितले, खायला दोन प्लेट सांगितल्या. थोड्या वेळाने तो एक बाटली घेऊन आला. ट्रेमध्ये नुसती दाखवायला. त्याचं म्हणणं असं होतं की तुमचे तीन हजार जमा आहेतच, साडेबारानंतर ते बुडतात. बाटली साडेसात हजारांची. पेगच्या भावाने घेत बसलात तर महाग पडेल. जावई त्या वेळी हात धुवायला गेला होता. नेमकं गाणं संपलं होतं, दुसरं सुरू व्हायचं होतं, म्हणून पुढचं मी स्पष्ट ऐकलं.

वेटर साडूंना म्हणाला, “ठेवू का सर?”

साडू म्हणाले, “राहू दे, राहू दे.”

वेटरने बाटली टेबलावर ठेवली, एक क्षण थांबला, आणि झाकण फिरवलं.

आता इथे आमच्याकडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे पंगतीत कोणी ‘नको’ म्हणत नाही. नको म्हणणं वाढणाऱ्याचा अपमान आहे. ‘राहू द्या’ म्हणायचं. वाढणाऱ्याला ते पुरतं कळत असतं. राहू द्या म्हटलं आणि ताटावर हात आडवा आला, तर खरंच नको. राहू द्या म्हटलं आणि हात मांडीवरच राहिला, तर वाढ, मी लाजून म्हणतोय. लहानपणी माझी आई वाढायची तेव्हा ती आमच्या तोंडाकडे बघायचीच नाही, हाताकडे बघायची. सगळ्या वऱ्हाडात हेच आहे, आणि याच्यावरून कधी कोणाचं भांडण झालेलं मी ऐकलं नाही.

साडूंच्या समोर रिकामा ग्लास होता. त्यांनी ‘राहू दे’ दोनदा म्हटलं. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

हे मी पाहिलं. मी बरोबर समोर बसलो होतो. झाकणाचा कट्ट असा आवाज आला तेव्हा मला बोलता आलं असतं. मी बोललो नाही. का नाही, ते खरं सांगतो. सबंध संध्याकाळ त्या पोराच्या फोनमधून पैसे जाताना पाहून मी साडूंवर चिडलेलो होतो, आणि माझ्या मनात आलं, येऊ दे यांच्यावर बिल, बघू हात खिशात जातो का. एवढाच विचार होता. वेटर त्यात कुठेच नव्हता.

जावई परत आला, टेबलावर बाटली पाहून हसला, त्याला वाटलं मामांनी मागवली. दोघांनी दोन-दोन पेग घेतले. बाटली तीन चतुर्थांशाहून जास्त भरलेलीच राहिली. मग घरून फोन आला की पाळण्याची दोरी तुटलीय, या लवकर. आम्ही बिल मागितलं.

बाटली साडेसात हजार, दोन प्लेट नऊशे, माझे सोडे आणि पाण्याच्या दोन बाटल्या सहाशे. एकूण नऊ हजार. दारूवरचा कर साडेसातशे, खाण्यावरचा पंच्याहत्तर, सेवाशुल्क नऊशे. दहा हजार सातशे पंचवीस, वजा दारात दिलेले तीन हजार. जावयाने बाहेर गाडीत बसल्यावर सांगितलं की तीच बाटली दुकानात दोन हजारांच्या आत मिळते. हे त्याने आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

जावयाने फोन काढला. या वेळी साडूंनी त्याचं मनगट धरलं, पण खिशाकडे हात नेला नाही. त्यांनी बिलावर बोट ठेवलं आणि म्हणाले की ही बाटली मी मांगतलीच नाही, हा तर मी नाही म्हणत असताना उघडून मोकळा झाला. वेटर गांगरला. त्याने मॅनेजरला बोलावलं. आवाजात काही ऐकू येईना म्हणून आम्हाला काउंटरमागच्या बोळात नेलं, जिथे सोड्याचे क्रेट रचलेले होते.

मॅनेजर तिशीचा होता. काळा कोट, कानात वायर. तो आमच्याशी फार गोड बोलला आणि वेटरशी एकेरीत. त्याने सांगितलं की ग्राहक म्हणजे आमचा देव, ग्राहकाने ऑर्डर दिली नसेल तर आम्ही एक रुपया घेणार नाही. मी मनात म्हटलं, वा. मग तो वेटरकडे वळून म्हणाला, मग ही तुझ्या पगारात लावतो. वेटर म्हणाला, “सर, चौदातून साडेसात गेले तर मी गावाला काय पाठवू? पोरीची फी आहे.” त्याने ते आम्हाला ऐकू यावं म्हणून म्हटलं नव्हतं. मॅनेजर म्हणाला, ते तू उघडायच्या आधी विचार करायचा.

जावई म्हणाला, जाऊ द्या ना मामा, मी देतो. साडू त्याच्यावर उखडले. “जवाईबापू, तुमी गप राहा. जवायानं पैशे द्यायचे अन् सासऱ्यानं प्यायची, हे उद्या पाहुण्याइले कळलं तर मले तोंड आहे का दाखवाले?” म्हणजे संध्याकाळपासून जे चाललं होतं ते काय होतं, हे मी तिथे विचारलं नाही. त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला लखलखीत दिसत होता. जावयाने दिले तर लाज, स्वतः द्यावे तर जीव जातो, मग ज्याची लाज नाही असा माणूस शोधायचा. तो तिथे चष्मा गळ्यात अडकवून उभा होता.

मग साडू माझ्याकडे वळले. “साडूभाऊ, तुमी तं घेतली नाई. तुमी शुद्धीत होते. तुमी सांगा ह्याले, म्या राहू दे म्हणलं का नाई?”

मॅनेजरही म्हणाला, हो सर, तुम्ही सांगा, तुमचं आम्ही मान्य करू.

पाचवं शील पाळतो म्हणून मी कित्येक वर्षं मनातल्या मनात साडूंपेक्षा स्वतःला दोन बोटं वर समजत आलो होतो. आणि त्या बोळात सगळा प्रश्न चौथ्या शीलावर येऊन उभा राहिला होता, खोटं न बोलण्याच्या. ‘हो, राहू दे म्हणाले’ एवढं म्हटलं असतं तर अक्षर न अक्षर खरं होतं. कोणत्याही चौकशीत टिकलं असतं. मी लिपिक आहे, अक्षराने खरे आणि अर्थाने खोटे कागद कसे तयार होतात हे मला चांगलं माहीत आहे. तसे कागद मी परत पाठवत आलोय.

मी म्हणालो, “म्हणले. दोनदा म्हणले. पण साडूभाऊ, हात गिलासावर नव्हता.”

मॅनेजरला काही कळलं नाही. जावयाला कळलं, तो मलकापूरचा आहे, त्याने मान खाली घातली. साडूंना तर पूर्ण कळलं. ते म्हणाले, “हाताचं काय घेऊन बसले? हे काय गावची पंगत आहे?”

मी म्हणालो, पंगत नाही म्हणूनच हात आडवा घालायचा होता.

तेव्हा वेटर पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. “साहेब, मी थांबलो होतो. हाताकडे बघूनच झाकण फिरवलं. एवढी वर्षं वाढतोय, सगळेच कुठे तोंडाने सांगतात.”

आमच्या भाषेतली ही गोष्ट मला तोवर फक्त आमची वाटत होती.

त्यानंतर मी मॅनेजरला मोकळा सोडला नाही. सगळा राग साडूंवर काढून याला गोडव्यात सुटू देणं मला पटत नव्हतं. मी विचारलं, हे सेवाशुल्क नऊशे कोणाला जातं? तो म्हणाला, स्टाफला. मी वेटरला विचारलं, तुम्हाला यातलं किती मिळतं? तो सोड्याच्या क्रेटकडे बघू लागला. मी चष्मा लावून बिलाच्या तळाची बारीक ओळ वाचली, त्यात ते ऐच्छिक असल्याचं लिहिलं होतं. मी म्हणालो, माझी इच्छा नाही, काढा. तो म्हणाला, सिस्टिममधून निघत नाही. मी म्हणालो, आमच्या शाळेतही सिस्टिम आहे, तिच्यातून निघतं का नाही ते मी सांगतो, चला, दाखवा मला. अकरा मिनिटांनी नवीन बिल आलं आणि ते मी भरलं. सहा हजार आठशे पंचवीस.

उरलेली बाटली बरोबर द्या म्हटलं, तर म्हणाला नेता येत नाही, तुमच्या नावाने तीस दिवस ठेवू, कधीही या. नांदुऱ्याहून तीस दिवसांत पाऊण बाटलीसाठी कोण पुण्याला येतं? ती कोणी प्यायली असेल याचा मी अजून विचार करतो, आणि दर वेळी मला तो काळा कोट दिसतो.

साडू तोवर गाडीत जाऊन बसले होते. परतीच्या वाटेवर ते पुढच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून होते. जावई मध्येच एकदा म्हणाला, काका, तुम्ही बरोबर केलं. साडू म्हणाले, “हाव, बरोबर केलं. घरचा माणूस बाहेरच्याच्या बाजूनं उभा राह्यला.” याला माझ्याकडे उत्तर होतं, पण त्याचा उत्तरार्ध माझ्याविरुद्ध जात होता. झाकण फिरताना मी गप्प बसलो होतो, आणि ते मी त्या बोळात कोणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. पाळण्याला नवी दोरी आली, नाव ठेवलं गेलं, जेवणं सुरू झाली. नातवाचे आजोबा म्हणून साडू स्वतः जिलेबी वाढत होते. सगळ्यांना आग्रह करत करत माझ्यापुढे आले. पोट भरलं होतं. मी सवयीने म्हणालो, राहू द्या.

साडू परात घेऊन तसेच उभे राहिले. “हात कुठी आहे साडूभाऊ?”

माझा हात मांडीवर होता. शेजारी बसलेले पाहुणे हसले, त्यांना वाटलं काहीतरी जुनी थट्टा असेल. साडूंनी माझ्या पानात चार जिलेब्या टाकल्या. मी चारही खाल्ल्या, कारण त्यांचं बरोबर होतं.

जेवण झाल्यावर मी त्यांना गॅलरीत गाठलं आणि ते उरलेलं अर्धं सांगितलं, की मी पाहत होतो आणि मुद्दाम बोललो नाही, बिल तुमच्यावर यावं म्हणून. ते म्हणाले, “म्हणजे तुमचाबी हात मांडीवरच होता.” मी म्हणालो, होय. म्हणून अर्धे माझे. संध्याकाळी पलीकडच्या खोलीतून, मला न सांगता, त्यांनी फोनवर पैसे पाठवले. फोन वाजला तेव्हा मी उघडून बघितलं. तेव्हापासून आजपर्यंत ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात, आणि मी त्याबद्दल तक्रार करत नाही.

काय दिलं आणि कोणाला, ते लिहून थांबतो. गच्चीच्या जागी गाडी लावणाऱ्याला दीडशे, बिअरच्या जागी एक हजार सातशे सत्तावीस, परमिट रूमला सहाशे साठ, तळघराच्या दारात तीन हजार. हे पाच हजार पाचशे सदतीस जावयाने दिले, आणि मी कितीही म्हटलं तरी त्याने परत घेतले नाहीत. तळघरातल्या बारला सहा हजार आठशे पंचवीस मी माझ्या फोनवरून दिले. त्यातले तीन हजार चारशे तेरा साडूंनी मला दिले. निम्मे तीन हजार चारशे साडेबारा होतात. म्हणजे पन्नास पैसे मी साडूंना देणं लागतो, आणि ते घेणार नाहीत हेही मला माहीत आहे.

आणि त्या रात्री बिलातून काढायला लावलेले सेवाशुल्काचे नऊशे. ते मी वाचवण्यासाठी काढले नव्हते. बोळाच्या तोंडाशी वेटर उभा होता, त्याच्या हातात ते रोख दिले. पाचशेची एक नोट, शंभराच्या चार. तो न बघताच खिशात घालायला लागला आणि म्हणाला, राहू द्या साहेब. मी त्याचा हात पाहिला. तो आडवाही नव्हता आणि पसरलेलाही नव्हता. मी म्हणालो, मोजून घ्या. त्याने गळ्यातला चष्मा डोळ्यांना लावला आणि मोजले. नऊशे.